तलवारीवरचे शिक्के

आपल्या घरातला एखादा जुना तांब्या किंवा पितळेची घागर हातात घ्या आणि उजेडात फिरवून पाहा. बुडाशी कारखान्याचा शिक्का सापडेल. कुठे वजनाचा आकडा असेल. आणि काठाखाली बारीक ठोक्यांनी घातलेलं नाव असेल : अमक्याच्या लग्नात अमक्याकडून, अमुक साल. भांडे एकच, पण त्यावर तीन माणसे बोलत असतात. ज्याने घडवले तो, ज्याने तोलून पाहिले तो, आणि ज्याच्या घरात ते नांदले तो. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे तीही अशीच बोलणारी आहे. ती वस्तू म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जपानी लष्करी तलवार.

आपण म्हणाल, जपानच्या तलवारीशी आमचा काय संबंध? संबंध आहे. १९४४ च्या मार्च महिन्यात मणिपूरच्या डोंगरात सांगशाक येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण जपानी फौजेला सामोरी गेली. ब्रह्मदेशाच्या लढाईत आपल्या मुलखातले कितीतरी जवान होते. जपान शरण आल्यावर १९४६-४७ साली जी हिंदी फौज जपानमध्ये पहाऱ्यासाठी राहिली, तिच्यातही मराठा पलटण होती. हे जवान गावी परतले तेव्हा कोणाच्या ट्रंकेत घड्याळ होते, कोणाच्या ट्रंकेत रेशमी कापड होते, आणि एखाद्याच्या बिछान्याच्या वळकटीत जपानी तलवार होती.

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी मला आपल्या गावी घेऊन गेला. गाव सातारा जिल्ह्यातले. त्याचे पणजोबा सैन्यात सुभेदार होते आणि त्यांनी जपानहून आणलेली तलवार देवघराशेजारी खुंटीला टांगलेली होती. "सर, ही तलवार ज्या घरातली असेल त्या घरी परत पाठवायची आहे. पणजोबांची तशी इच्छा होती म्हणतात. तिच्यावर काय लिहिलंय तेवढं सांगा," असे तो म्हणाला.

मी तलवार हातात घेतली आणि मनात चर्र झालं. दर वर्षी खंडेनवमीला घरातली शस्त्रे घासूनपुसून पुजायची, हा आपला रिवाज. सुभेदार हयात होते तोवर त्यांनी मुठीला कोणाला हात लावू दिला नव्हता. ते गेल्यावर एका वर्षी घरातल्या उत्साही मुलांनी मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली, मूठ उपसली, आणि आतला गंजलेला भाग काचकागदाने घासून घासून चांदीसारखा पांढरा केला. पातेही शहरात नेऊन पॉलिशच्या चाकावर धरले. तलवार झकास चकाकत होती. पण ती मुकी झाली होती.

तिला कशी वाचा असते, आणि ती कशी जाते, तेच आज सांगायचे आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगतो. जपानमध्ये तलवार हे सामुराई वर्गाचे भूषण. पण १८७६ साली तेथील नव्या सरकारने हुकूम काढला की सैन्य, पोलीस आणि सरकारी अंमलदार यांच्याखेरीज कोणी कमरेला तलवार लावू नये. पिढ्यान्‌पिढ्या तलवारी घडवणाऱ्या लोहारांच्या पोटावर पाय आला. गिफू प्रांतातले सेकी हे गाव तलवारींसाठी शेकडो वर्षे प्रसिद्ध होते. तिथले कारागीर सुऱ्या, कात्र्या आणि चाकू करू लागले. सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या तलवारीही युरोपी धर्तीच्या झाल्या.

पुढे १९३० नंतर जपानमध्ये लष्कराचे वारे जोरात वाहू लागले. युरोपी मूठ नको, आपल्या पूर्वजांची तलवार हवी, असे ठरले. १९३४ साली जुन्या जपानी घाटाची नवी लष्करी तलवार आली. तिला 'शिन-गुन्तो' म्हणतात. 'शिन' म्हणजे नवी आणि 'गुन्तो' म्हणजे लष्करी तलवार. दुसऱ्याच वर्षी, १९३५ साली, सार्जंट वगैरे हाताखालच्या हुद्द्यांसाठी यंत्रावर बनवलेली तलवार निघाली. सैन्य वाढत गेले तशा तलवारी लाखांनी लागू लागल्या. लाखांनी तलवारी हाताने घडत नाहीत. तेव्हा लोहाराच्या भात्याबरोबर कारखान्याचे भोंगेही वाजू लागले, आणि तलवारींवर शिक्के आले.

एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे सारे सोपे जाते. जपानी अधिकारी आपली तलवार स्वतःच्या पैशाने विकत घेत असे. सार्जंटला ती सरकार देत असे. जी विकत घेतली तिच्यावर कारागिराचे नाव आणि घराण्याची खूण असू शकते. जी सरकारने दिली तिच्यावर नंबर असतो.

आधी नंबरवालीकडे पाहू. सार्जंटच्या तलवारीची मूठ लांबून पाहिली तर फीत गुंडाळल्यासारखी दिसते. हात लावला की कळते, ही फीत नव्हे. ओतीव धातूवर फितीची नुसती नक्षी आहे आणि वर रंग दिला आहे. अगदी सुरुवातीच्या मुठी तांब्याच्या होत्या, नंतर अॅल्युमिनियमच्या आल्या, आणि युद्धाच्या शेवटी शेवटी धातूची चणचण झाली तेव्हा साध्या लाकडाच्या. मुठीवरूनच देशाची ओढाताण कळते. या तलवारीच्या पात्यावर, मुठीच्या अगदी जवळ, नंबर ठोकलेला असतो, आणि तो आपण ज्यांना इंग्रजी आकडे म्हणतो त्या आकड्यांत असतो. तोच नंबर म्यानाच्या तोंडाशीही असतो. दोन्ही नंबर जुळले तर पाते आणि म्यान जन्मापासून एकत्र आहेत असे समजावे. शेजारी शस्त्रागाराचे आणि तपासनिसाचे बारीक शिक्के असतात. बाजारातल्या तराजूच्या वजनांवर वजनमापे खात्याचा शिक्का असतो ना, त्यातलाच हा प्रकार. 'मी पाहिले, बरोबर आहे,' एवढेच तो सांगतो.

आता अधिकाऱ्याच्या तलवारीकडे वळू. हिच्या मुठीवर पाकट माशाचे खरबरीत कातडे आणि त्यावर खरी फीत असते. हिच्या खुणा मात्र वरून दिसत नाहीत. त्या मुठीच्या आत असतात. आपण विळ्याचे पाते लाकडी मुठीत ठोकतो, तेव्हा पात्याचा शेपटासारखा भाग आत जातो. जपानी तलवारीच्या त्या भागाला 'नाकागो' म्हणतात. मूठ आणि नाकागो यांच्या आरपार भोक असते आणि त्यात बांबूची एक खुंटी बसवलेली असते. खुंटी काढली की मूठ सुटते. लोहार आपले नाव या नाकागोवर छिन्नीने कोरतो. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला पुष्कळदा तारीख.

नाकागोवरचा गंज हा शत्रू नव्हे. तो साक्षीदार आहे. हा भाग कधीच पॉलिश करायचा नसतो. लोहाराने सोडला तसा तो आपोआप गंजत जातो. शंभर-दोनशे वर्षांच्या पात्याचा नाकागो काळाभोर, गुळगुळीत आणि एकसारखा दिसतो. युद्धकाळातल्या पात्याचा गंज त्यामानाने कोवळा, तांबूस-करडा असतो. कितीतरी अधिकाऱ्यांनी आपल्या घराण्यातले जुने पातेच लष्करी मुठीत बसवून घेतले होते. अशा पात्याच्या नाकागोला दोन-तीन भोके आढळतात, कारण पिढी दर पिढी मुठी बदलत गेल्या. म्हणजे मूठ १९४० ची आणि पाते तीनशे वर्षांपूर्वीचे, असे घडू शकते. गंज घासून टाकला की हे ओळखायचे मुख्य साधन गेले. शिलालेखावर शेंदूर थापावा किंवा जुन्या मोडी कागदावर पाणी ओतावे, तसे हे आहे.

नाकागोवर नावाच्या वर किंवा शेजारी लहानसा शिक्का असेल तर तो नीट पाहावा. त्याचे तीन-चार मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार म्हणजे फुलासारख्या किनारीत एकच चिनी वळणाचे अक्षर. ते अक्षर 'शो' असेल किंवा 'सेकी' असेल. सेकी गावच्या व्यवसाय-संघाने तपासून पसंत केलेल्या पात्यांवर ते येतात. ही पाती बहुधा जुन्या पद्धतीने घडवलेली नसतात. कारखान्याचे तयार पोलाद घ्यायचे, त्याला आकार द्यायचा आणि तापवून तेलात बुडवायचे, अशी त्यांची कृती. आपल्याकडचा लोहारही कोयत्याला पाणी देतो. जपानचा जुना लोहार तलवारीला खरोखरच पाण्याने पाणी देई. त्याला फार कौशल्य लागते, कारण पाण्यात पाते तडकण्याचे भय असते. तेलात ते भय कमी. घाईच्या वेळी तेल बरे पडते. 'शो' अक्षराचा शिक्का मुख्यतः १९४२ पर्यंतच्या पात्यांवर दिसतो.

दुसरा प्रकार चांदणीचा. पाच टोकांची लहानशी चांदणी ही जपानी लष्कराची खूण. काही निवडक लोहारांना लष्कराने परीक्षा घेऊन मान्यता दिली होती. त्यांना सैन्याकडून कोळसा आणि 'तामाहागाने' नावाचे खास पोलाद मिळे. हे पोलाद लोखंडयुक्त वाळू कोळशाबरोबर भट्टीत वितळवून तयार करतात. या लोहारांनी जुन्या पद्धतीने, घडी घालून घालून पाते घडवायचे आणि सैन्याने ते तपासून चांदणी मारायची, असा रिवाज होता. म्हणून चांदणी दिसली की पाते हाताने घडवलेले असावे असा भरवसा धरतात. प्रामुख्याने १९४२ नंतरच्या पात्यांवर ही खूण येते.

तिसरी खूण नांगराची, म्हणजे जहाजाच्या नांगराची. ती आरमाराची. आरमारी तलवारींची पाती पुष्कळदा न गंजणाऱ्या पोलादाची असत, कारण खाऱ्या हवेत साधे पोलाद टिकत नाही. वर्तुळात नांगर असेल तर तो तोयोकावा येथील आरमारी कारखान्याचा शिक्का. त्या कारखान्यावर ७ ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे हिरोशिमाच्या दुसऱ्याच दिवशी, अमेरिकी विमानांनी बाँब टाकले. अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत युद्धकामाला लावलेली शाळकरी मुले-मुली पुष्कळ होती. शिक्षक मित्रांनो, तो नखाएवढा नांगर पाहताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

चौथी खूण शिक्क्याची नव्हे, कोरीव अक्षरांची आहे. दक्षिण मांचुरिया रेल्वे ही जपानच्या ताब्यातल्या मांचुरियातली बलाढ्य कंपनी. तिने १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या पोलादाच्या तलवारी काढल्या. कडाक्याच्या थंडीत जुनी पाती मोडत असल्याची तक्रार होती, तीवर हा उपाय. त्या तलवारींवर लोहाराचे नाव नसते; 'आशियाच्या उत्थानासाठी एकचित्त' अशा अर्थाची घोषणा आणि कंपनीचे नाव कोरलेले असते. रेल्वे कंपनीने तलवारी कराव्यात आणि त्यावर घोषणा कोरावी, यावरून त्या काळाची हवा कशी होती ते समजते.

याउलट टोकियोतल्या यासुकुनी देवस्थानाच्या आवारात १९३३ साली एक तलवारशाळा उघडली होती. १९४५ पर्यंतच्या बारा वर्षांत तिथे सुमारे ८,१०० तलवारी हाताने घडल्या. तिथल्या लोहारांना नवी नावे मिळत आणि त्या नावांची सुरुवात 'यासु' या अक्षराने होई. तिच्यासाठी शिमाने प्रांतात जुन्या धर्तीची पोलादाची भट्टी पुन्हा पेटवली होती. युद्धानंतर ती विझली. १९७७ साली तिथेच ती परत सुरू झाली, आता मात्र कलेच्या तलवारींसाठी.

आता तारीख कशी वाचायची ते सांगतो. शाळेतल्या मुलांनाही हे गणित आवडेल. आपण शालिवाहन शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो. जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीवरून वर्ष मोजतात. त्या काळच्या कारकिर्दीचे नाव 'शोवा', आणि तिचे पहिले वर्ष १९२६. म्हणून शोवा वर्षात १९२५ मिळवा की इसवी सन आला. शोवा ९ म्हणजे १९३४. शोवा २० म्हणजे १९४५.

अक्षरे वरून खाली लिहिलेली असतात. आधी 'शोवा'ची दोन अक्षरे, मग आकडा. जपानी आकडे काही अवघड नाहीत. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन रेघा, तीन म्हणजे तीन. दहा म्हणजे आपले अधिकचे चिन्ह. आठ म्हणजे घराच्या छपरासारख्या, वर जवळ आणि खाली फाकलेल्या दोन रेघा. अधिकच्या चिन्हाखाली छपराच्या दोन रेघा दिसल्या, की दहा आणि आठ मिळून अठरा. शोवा १८, म्हणजे १९४३. पुढे महिना येतो. जुन्या रिवाजाप्रमाणे पुष्कळदा दुसरा किंवा आठवा महिना कोरलेला असतो, मग पाते कोणत्या का महिन्यात पुरे झालेले असेना. मांचुरिया रेल्वेच्या तलवारींवर आकड्यांऐवजी साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचे नाव आणि 'वसंत' असा ऋतू असतो. आपल्याकडे प्रभव, विभव अशी साठ संवत्सरे आहेत. तेव्हा ही रीत आपल्याला परकी वाटायचे कारण नाही.

आणि या 'शोवा' शब्दाचा अर्थ काय आहे? 'शो' म्हणजे उजळ आणि 'वा' म्हणजे सलोखा. युद्धातल्या ज्या ज्या तलवारीवर तारीख कोरली गेली, तिच्यावर सलोख्याचे नाव कोरले गेले.

घडवणारा झाला, तपासणारा झाला, राहिला वापरणारा. त्याच्या खुणा मुठीवर असतात. मुठीच्या टोकाला कधी चांदीचे लहानसे चिन्ह बसवलेले दिसते : पान, फूल किंवा वर्तुळातली नक्षी. ते घराण्याचे चिन्ह. मुठीच्या गोंड्यावरून हुद्दा कळतो. तपकिरी आणि निळा गोंडा कॅप्टनपर्यंतच्या अधिकाऱ्याचा, तपकिरी आणि तांबडा मेजर-कर्नलचा, आणि सोनेरी जर असलेला सेनापतीचा. पण सर्वांत मोलाची खूण सर्वांत कच्ची असते. युद्ध संपल्यावर पुष्कळ जपानी अधिकाऱ्यांनी तलवार स्वाधीन करताना तिला लाकडाची, कापडाची किंवा कागदाची चिठ्ठी बांधली. तिच्यावर स्वतःचे नाव, हुद्दा आणि गाव लिहिले. कधीतरी ही परत घरी येईल, एवढीच त्यांची आशा.

आमच्या सुभेदारांच्या तलवारीला अशी पट्टी होती. त्या घरातल्या वृद्ध आजी, म्हणजे सुभेदारांच्या सूनबाई, मला म्हणाल्या, "मास्तर, मी नवी नवरी म्हणून या घरात आले तवा मुठीला सुतळीनं बांधलेली लाकडाची चपटी पट्टी होती. काळ्या शाईनं काय काय लिहिलेलं. एका पावसाळ्यात सरपण ओलं होतं, सासूबाईंनी ढलपी समजून ती चुलीत सारली. मामंजी दोन दिवस जेवले न्हाईत. पण बोलले काय न्हाईत."

श्रोतेहो, त्या माणसाला काय वाटले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. आपण ज्याच्याशी लढलो त्याचे नाव त्याने वीस वर्षे जपून ठेवले होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे भाषण एकांगी होईल. या तलवारींनी भीषण कामेही केली आहेत. चीनमध्ये आणि आग्नेय आशियात बांधलेल्या कैद्यांची मुंडकी तलवारीने उडवली गेली. ऑस्ट्रेलियाचा सार्जंट लेनर्ड सिफ्लीट याला २४ ऑक्टोबर १९४३ रोजी न्यू गिनीतील आयतापे येथे असेच मारले. त्या क्षणाचे छायाचित्र पुढे एका मृत जपानी सैनिकाजवळ सापडले आणि ते जगभर पाहिले गेले. तलवारीवरचा शिक्का कारागिराचे कसब सांगतो; तलवार कोणाच्या मानेवर चालली ते सांगत नाही. म्हणून अशा वस्तूकडे नुसत्या कौतुकाने पाहू नये आणि नुसत्या तिटकाऱ्यानेही पाहू नये. पुराव्याकडे पाहावे तसे पाहावे.

आणि पुरावा म्हटला की खोटा पुरावाही आलाच. मराठी फौजेतल्या फिरंग तलवारी आठवा. युरोपातल्या नामांकित कारागिरांची नावे कोणत्याही पात्यावर कोरून ती खपवली जात. जपानमध्येही थोर लोहारांची खोटी नावे कोरण्याचा उद्योग जुना आहे. अलीकडे तर अख्ख्या लष्करी तलवारीच नकली निघतात. अशा वेळी एकाच खुणेवर विसंबू नये. नाव, शिक्का, तारीख, गंज आणि मूठ यांची साक्ष जुळते का ते पाहावे. शिक्का १९४२ आधीचा आणि तारीख १९४४ ची असेल तर थांबून विचार करावा. कोर्टात पाच साक्षीदारांचे जबाब जुळवतात, तसाच हा प्रकार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ती साताऱ्याची तलवार परत जाईल का?

युद्धानंतर जपानमध्ये घरोघरच्या तलवारी जप्त झाल्या. कित्येक वितळवल्या, कित्येक समुद्रात बुडवल्या. मग तिथल्या जाणकारांनी अमेरिकी अधिकाऱ्यांना पटवले की जुनी घडीव तलवार ही कलाकृती आहे. त्यातून आजचा नियम आला. जुन्या पद्धतीने हाताने घडवलेली तलवार प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे नोंदवून घरात ठेवता येते. कारखान्यात बनलेली लष्करी तलवार मात्र नोंदली जात नाही, आणि बिननोंदीची तलवार बाळगता येत नाही. ती नष्ट केली जाते. मग ती कोणाच्या वडिलांची का असेना.

म्हणजे पाहा, चांदणी की फूल, या नखाएवढ्या फरकावर तलवार घरी जाणार की भट्टीत, हे ठरू शकते. शिक्का गेला तर निदान पात्यावरच्या पाण्याच्या रेषेवरून जाणकार निर्णय देतात. सुभेदारांच्या तलवारीची ती रेषाही पॉलिशच्या चाकावर गेली होती. मी खिडकीच्या उजेडात नाकागो तिरपा धरून बराच वेळ पाहिला. एका बाजूला पुसट अधिकचे चिन्ह आणि खाली दोन तिरप्या रेघा : शोवा १८. दुसऱ्या बाजूला नावाच्या जागी नुसते ओरखडे. आणि वर एक लहानसा खळगा, शिक्क्याचा. तो चांदणीचा होता की फुलाचा, ते आता कोणी सांगू शकणार नाही.

मी त्या मुलाला एवढेच सांगितले, "ही १९४३ साली घडली. कोणी घडवली आणि कोणी बांधली, ते आपण पुसून टाकलं." तो गप्प राहिला. मग त्याने विचारले, "सर, आता काय करायचं?"

त्याला जे सांगितले तेच आपल्याला सांगतो. कोणाच्या घरी अशी तलवार असेल तर नाकागोला काचकागद, चिंच, राख, लिंबू काही लावू नका. खंडेनवमीला फूल वाहा, हळदकुंकू म्यानाला लावा. मुठीच्या आत हात घालू नका. मूठ काढायचीच झाली तर जाणत्या माणसाकडून काढवा आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे तिरप्या उजेडात घ्या. गोंडा, चिठ्ठी, दोरा, म्यानाचा तुकडा, जे काही सोबत असेल ते कचरा समजून टाकू नका. शस्त्र बाळगण्याबाबत कायदा आहे. त्याची चौकशी पोलीस ठाण्यात रीतसर करावी. आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे : घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ही कुठून आली, कोणत्या साली आली, कोणाकडून मिळाली? ते जे सांगतील ते कागदावर लिहा, खाली नाव घाला, तारीख घाला. घडवणाऱ्याची खूण गेली, तपासणाऱ्याची गेली, वापरणाऱ्याची गेली, तरी ज्याने ती जपली त्याची खूण करणे आपल्या हातात आहे.

त्या दिवशी आम्ही तेच केले. आजी सांगत गेल्या आणि मुलगा वहीत लिहीत गेला. पट्टीची हकीकतही त्याने लिहिली. ती चुलीत गेली हेसुद्धा लिहिले. मग मूठ परत बसवली, बांबूची खुंटी ठोकली, आणि वहीचे ते पान तलवारीच्या म्यानाबरोबर कापडात गुंडाळून ठेवले.